लांब प्रॅक्टिस चँटर : हाताला झेपतो का?

जूनमध्ये मागवलेला लांब प्रॅक्टिस चँटर (बॅगपाइप शिकताना सरावाला वापरायची, तोंडानं फुंकायची भोकांची नळी), अ‍ॅसिटल प्लास्टिकचा. आता होळी तोंडावर आली, तेव्हा लिहायला हरकत नाही. ‘यानं हात दुखायचा थांबेल’ असं विक्रेता म्हणाला होता. चँटर चांगलाच आहे, पण हात दुखायचा काही त्यानं थांबला नाही.

फायदा खरा आहे. याची भोकं बॅगपाइपच्या चँटरइतक्याच (म्हणजे त्याच्या बोटं ठेवायच्या नळीइतक्याच) अंतरावर असतात, त्यामुळे पुढे पाइपवर गेल्यावर बोटं नव्यानं बसवावी लागत नाहीत. पण बोटं वाकवून टोकांनी भोकं झाकायला गेलात तर खालच्या हाताची करंगळी ताणली जाणारच. त्या हाताची पहिली तीन बोटं सरळ ठेवून मधल्या पेरांनी झाकायची, करंगळीचं तेवढं टोक. वरच्या हाताला टोकाच्या पेरांचा मऊ भाग पुरतो.

खरी गोम ‘डी’ स्वरात आहे. खालच्या हाताची तीन बोटं वर आणि एकटी करंगळी खाली. चँटर निसटेल या धास्तीनं मागचा अंगठा असा काही आवळला जातो की मनगटापर्यंत कळ जाते. यावर उपाय फुकटचा: खुर्चीत ताठ बसा आणि चँटरचं खालचं टोक टेबलावर टेकवा. वजन टेबलानं घेतलं की अंगठ्याला धरायला काही उरत नाही.

दाब तपासायचा असेल तर वाजवून झाल्यावर बोटं उजेडात बघा. भोकांची पुसट वर्तुळं दिसली तर ठीक. खोल, लालसर कडी उठली असतील तर उगाच जोर लावताय. भोक झाकलं गेलं की स्वर येतो, दाबून जास्त येत नाही. शिवाय बॅगपाइपवर स्वर अखंड चालतो, जीभ मारून तोडता येत नाही, म्हणून चँटरवरही तसा तोडायचा नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये ग्रेसनोट (बोट क्षणभर उचलून किंवा टेकवून वाजवलेला निसटता स्वर) हवी, आणि आवळलेलं बोट ग्रेसनोटला वेळेवर उठत नाही. माझी ‘बर्ल’ सैल हातानंच सुटली, ती करंगळी खालच्या भोकावरून दोनदा झटकायची असते ना, तीच.

बोरिवली ते चर्चगेट हँडलला लोंबकळून आणि दिवसभर माऊस फिरवून आलेला हात संध्याकाळी आधीच पिकलेला असतो. म्हणून मी सराव सकाळी नेला. थोडा वेळ वाजवायचं, हात खाली सोडून झटकायचे, पुन्हा थोडं. बोटांना मुंग्या येऊन त्या रात्रीही राहत असतील तर यूट्यूब बंद करून डॉक्टरांकडे जा.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या रीडला (आतली, फुंकेनं थरथरून आवाज काढणारी पट्टी) काही झालं नाही, मात्र फुंकेतला ओलावा साचून आवाज मध्येच घुसमटतो. रीड काढून पुसली की झालं. चँटरच्या दोन भागांच्या जोडावर गुंडाळलेला धागा फुगून घट्ट बसायचा. हात पिरगाळून जोड उघडू नका, एक-दोन वेढे कमी करा. आवाज बेताचा आहे, दार लावलं की शेजारच्या काकूंची तक्रार येत नाही. (पाइप आणल्यावर काय होईल ते गणपतीच जाणे.)

मोठ्या माणसानं हा जरूर घ्यावा. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी मात्र साधा आखूडच बघा. दुकानात त्याला सगळी भोकं झाकायला लावा, आणि करंगळी न ताणता पोचली तरच पैसे द्या.