ऑनलाइन टायर घेतले, नागपुरात बसवले : खरा हिशोब

बलेनोचे चारही टायर बदलले, ऑनलाइन मागवून, आणि रिंग रोडवरच्या एका सेंटरवर बसवून घेतले. ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी लिहून राहिलो. साइटचं नाव लिहीत नाही, सेंटरचंही नाही, कारण नाव लिहिलं की अर्धे लोकं म्हणतात पैसे घेऊन लिहिलं अन् अर्धे म्हणतात दुश्मनी काढली, आणि तसंही या सगळ्या साइटींचं काम थोड्याफार फरकाने सारखंच आहे.

टायर बदलायचेच होते. खाचांच्या मधात छोटा उंचवटा असतो, १.६ मिमीचा, टीडब्ल्यूआय म्हणतात त्याला, टायर घासून त्या लेव्हलला आला की कायद्यानेही संपला. माझे पुढचे दोन तिथं टेकलेच होते, आणि मागच्या एकाला साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, कट, ही आपल्या सिमेंट रोडची मेहरबानी, रोड वर अन् बाजूची पट्टी खाली, गाडी जरा उतरली की कड बरोबर बाजूला घासते. साइडवॉलचा कट दुरुस्त होत नाही, कोणी करून देतो म्हणत असेल तर तिथून निघा. त्यात घरच्यांचा समृद्धीने संभाजीनगरला जायचा प्लॅन. शिवमडक्याहून, म्हणजे समृद्धीच्या नागपूरच्या टोकाहून, गाडी एकदा वर चढली की १२० पर्यंत परवानगी, सरळच्या सरळ काँक्रीट, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर, तिथं टायर फुटून काय काय झालं ते सगळ्यांनी वाचलंच आहे, असे टायर घेऊन बायकापोरं बसवून जायची माझी तरी हिंमत नाही.

आधी मानेवाड्यातल्या आमच्या नेहमीच्या टायरवाल्याला विचारलं. त्याने मला पाहिजे त्या कंपनीच्या टायरचे ५,९०० सांगितले एकाचे, त्यात बसवणं, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), नवीन वॉल्व, अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट लावणं) सगळं आलं, वरून जुन्या टायरचे प्रत्येकी ४०० कापून देतो म्हणाला. भाव ठीक होता. पण तो टायर त्याच्याकडे नव्हताच, आणि जो त्याच्याकडे पडून होता तोच तो पंधरा मिनिटं मला गळ्यात मारून राहिला होता, "भाऊ, हाच घ्या, याची गॅरंटी माही". हे सगळ्याच दुकानात होते, स्टॉकमध्ये जे आहे तेच जगातलं बेस्ट टायर असते. शेजारचे काकाजी म्हणाले सिएटचा घे, बुटीबोरीला कारखाना आहे, ताजा माल भेटेल. काकाजी, बुटीबोरीला दुचाकीचे टायर बनतात, पण त्यांना कोण सांगणार.

मग साइटवर गेलो. इथं पहिली गोष्ट सांगतो, साइट गाडीचं मॉडेल आणि व्हेरिएंट विचारते, त्यावर आंधळेपणाने जाऊ नका. एकाच बलेनोत खालच्या व्हेरिएंटला १८५/६५ आर१५ आहे आणि वरच्याला १९५/५५ आर१६, चुकीचं व्हेरिएंट दाबलं की टायर रिमवर चढणारच नाही. गाडीत बसलेल्या टायरवर जे लिहिलं आहे ते वाचा आणि तेच साइझ टाका. साइझच्या पुढे एक आकडा अन् एक अक्षर असते, म्हणजे ८८एच. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो वजन घेते, एच म्हणजे २१० च्या स्पीडपर्यंत चालते. याच्यात वरचं घेतलं तर चालते, खालचं घेऊ नका, मग ते तीनशे रुपये स्वस्त का असेना.

साइटवर मजा आहे ती चॉइसची, हे मान्य करावं लागेल. एमआरएफ, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन, योकोहामा सगळे एका लायनीत, भाव समोर, कोणी डोक्यावर उभं नाही. मला पाहिजे होता तो ५,४५० ला होता. आणि एक, तुमच्या डोक्यात जुने भाव असतील तर ते काढून टाका, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांचा १८ झाला आहे, त्यामुळे "एमआरपीवर इतकी सूट" असं लाल अक्षरात दिसलं तर ती कोणत्या एमआरपीवर आहे ते पाहून घ्या.

पैसे भरताना दोन ऑप्शन येतात, टायर घरी मागवा किंवा त्यांच्या पार्टनर सेंटरवर पाठवा. मी सेंटर निवडलं कारण तिथं "फिटिंग फ्री" लिहिलं होतं. नागपूर टाकलं की यादी तशी मोठी दिसते, पण त्यात काही वाडीकडची ट्रकवाली दुकानं, काही कामठी रोडला, आपल्या बाजूचं असं एखादंच.

टायर पोचल्याचा मेसेज आला, सेंटरला फोन केला तर तो म्हणे "आमच्याकडे काही आलं नाही". दुसऱ्या पोऱ्याने फोन घेतला तेव्हा समजलं की टायर मागच्या गोडाऊनमध्ये पडून आहेत. ठीक आहे, चालते. गेलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे दुकानातून घेतले तरी लागू आहे. टायरवर DOT (डॉट) अशी इंग्रजी अक्षरं लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा अन् शेवटचे दोन वर्ष. ३८२५ म्हणजे २०२५ चा अडतिसावा आठवडा. हा पूर्ण कोड बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू आत गेली की गाडी जॅकवर चढवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून रिमवर चढवायच्या आधीच पाहा. मी चारही टायर जमिनीवर आडवे ठेवून मोबाइलचा टॉर्च मारून पाहिले, दोन निघाले ३८२५ आणि दोन ११२५. म्हणजे एकाच ऑर्डरमध्ये सहा महिन्यांचा फरक. कस्टमर केअरला फोन लावला, मॅडम फार गोड बोलल्या, म्हणाल्या सर कंपनीच्या हिशोबाने हे नवीनच आहेत, बदलून पाहिजे असतील तर परत पाठवा, नवीन कधी येतील सांगता येणार नाही. तसं पाहिलं तर नीट ठेवलेला टायर सहा-आठ महिन्यांत काही खराब होत नाही, त्यामुळे मी ते घेतले, पण जुन्या तारखेचे दोन्ही एकाच एक्सलवर, मागे, लावायला लावले. साइटवर टायरच्या किमतीखाली बनल्याचा महिना लिहायला यांना काय त्रास होते समजत नाही. बिस्किटच्या पुड्यावर तारीख असते.

आणि मग ते "फिटिंग फ्री". फिटिंग खरंच फ्री होतं. पण वॉल्व फ्री नव्हते, ८० रुपयाला एक, नाही म्हणता येत नाही कारण जुना वॉल्व ठेवून नवीन टायर बसवणं म्हणजे हवा हळूहळू जायची सोय. बॅलन्सिंग "इन्क्लुडेड" पण वजनाचे, म्हणजे रिमला लावतात त्या शिशाच्या तुकड्यांचे, २४० वेगळे. अलाइनमेंट ५००. नायट्रोजनचे ४००, ते मी नाही घेतलं. पोऱ्या म्हणे "भाऊ, समृद्धीवर जाऊन राहिले ना, मंग नायट्रोजन पाहिजेच". बाबू, साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असते. टायर फुटायचं मोठं कारण कमी हवा, कमी हवेत साइडवॉल जास्त दबते, दर चक्कराला वाकते, गरम होते, आणि वरून स्पीड अन् लोड. थंड टायरमध्ये दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा ठेवली की झालं, ती कोणती आहे यापेक्षा किती आहे ते पाहा.

काम कसं केलं? अर्धवट बरं. टायर चढवणारा पोऱ्या हुशार होता, अलॉयला एक ओरखडा नाही. कोणती बाजू बाहेर ठेवायची ते स्वतः वाचून लावलं. पण बॅलन्सिंगच्या मशीनवर एका चाकाचा आकडा शून्यावर आलाच नव्हता तरी तो चाक काढायला निघाला, "एवढं चालते भाऊ". शंभरच्या वर स्टिअरिंग थरथरते तेव्हा हे "एवढं चालते"च हातात येते. परत करायला लावलं, तोंड वाकडं करून केलं. नट गनने कसले, आणि हाताच्या पान्याने तपासायचं नावच नाही, ते पण सांगावं लागलं. हवा पाहिली तर ४५ पीएसआय, कारण टायरची कड रिमवर बसवायला जास्त हवा भरतात आणि नंतर कमी करायची असते, ती तशीच सोडली होती. अलाइनमेंटचं प्रिंटआउट मागितलं तर प्रिंटर बंद, मग स्क्रीनचा फोटो काढून घेतला.

राग नाही आला, पण एक गोष्ट समजली, या सेंटरवाल्यासाठी मी कोणीच नव्हतो. टायर त्याने विकला नाही, नफा त्याचा नाही, साइटकडून त्याला गाडीमागे जे काय भेटत असेल तेवढ्यात त्याला मोकळं व्हायचं होतं. आमचा मानेवाड्याचा टायरवाला बडबड्या आहे, पण त्याला माहीत आहे की हा माणूस पुढच्या महिन्यात हवा भरायला इथंच येणार, चाक थरथरलं तर इथंच येऊन डोकं खाणार.

जुने टायर सेंटरवाला फुकटात ठेवून घेऊन राहिला होता, "कुठं नेता भाऊ". मी मागची सीट पाडून चारही गाडीत टाकून आणले, कट असलेलं एक सोडून बाकी तीन घराजवळच्या पंचरवाल्याने ३०० च्या हिशोबाने घेतले.

आता हिशोब करा. साइट २१,८००, वॉल्व ३२०, वजन २४०, अलाइनमेंट ५००, झाले २२,८६०, त्यातून जुन्यांचे ९०० गेले, २१,९६०. मानेवाड्याचा टायरवाला : २३,६०० वजा १,६००, म्हणजे २२,०००. फरक चाळीस रुपये. एक प्लेट तर्री पोहे.

टायर स्वतः मात्र मस्त आहेत. वर्धा रोडच्या काँक्रीटवर जुन्या टायरचा जो गुं-गुं आवाज यायचा तो निम्म्यावर आला, खड्ड्यात गाडी नरम जाते. पावसातलं ब्रेकिंग अजून पाहायचं आहे. संभाजीनगर जाऊन आलो, जाताना शिवमडक्याच्या आधी थंड हवा चेक केली, मधात थांबून टायरला हात लावून पाहिला, काही तक्रार नाही. परत आल्यावर नट पुन्हा कसून घेतले, हे नवीन बसवल्यावर शंभरेक किलोमीटरने करायलाच पाहिजे. बिल पीडीएफमध्ये जपून ठेवा, वॉरंटी टायरच्या कंपनीची असते, साइटची नाही, आणि ती बहुतेक बनवण्यातल्या दोषाची असते, आपल्या सिमेंट रोडच्या कडेने दिलेल्या कटची नाही.

साइटला मी पाचपैकी साडेतीन देईन, सेंटरला दोन, त्यातलाही एक त्या टायर चढवणाऱ्या पोऱ्याचा. मेहुण्याच्या गाडीला १९५/५५ आर१६ पाहिजे, त्याला पाहिजे ते टायर इकडच्या दुकानात भेटून नाही राहिलं, त्याला सांगितलं साइटवरूनच घे पण सेंटरवर नको पाठवू, घरी मागव, तारीख पाहा, आणि आमच्या टायरवाल्याशी बसवणं, वॉल्व, बॅलन्सिंग, अलाइनमेंट असं सगळं मिळून एकच आकडा आधीच ठरवून घे. टायरवाला जरा फुगला, "माल दुसरीकडून अन् मेहनत आमची का भाऊ?" मग १,४०० वर तयार झाला, जुने टायर त्याचे या बोलीवर.