लॅबमध्येच बनवलेला ब्रॅडफर्ड, काही महिन्यांच्या वापरानंतर

थेंबभर नमुन्यावर २८० नॅनोमीटरला (या तरंगलांबीचा प्रकाश प्रथिनं शोषतात) रीडिंग देणारं आमच्या विभागाचं यंत्र बंद पडलं. करार संपलेला, त्यामुळे कंपनीने नुसतं येऊन बघायचेच इतके पैसे सांगितले की संताप आला. तेव्हापासून प्रथिनांचं सगळं मोजमाप ब्रॅडफर्डवर, म्हणजे प्रथिनाला चिकटून निळ्या होणाऱ्या रंगाच्या चाचणीवर आलं. तयार बाटलीला पैसे घालवायचे नाहीत, रिएजंट (चाचणीचं रंगद्रावण) इथेच करायचा, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

कृती १९७६ची, तीच. १०० मिलिग्रॅम कुमॅसी जी-२५० हा रंग, ५० मिली ९५ टक्के इथेनॉल, १०० मिली ८५ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड. पाण्याने लिटर करून व्हॉटमन १ मधून गाळायचं. जेल रंगवायचा आर-२५० यात घालू नका. नळीमागे मिलीभर धरला तर लिटरभरात हजारेक नळ्या निघतात. पाच मिनिटांत रंग येतो, ५९५ नॅनोमीटरला वाचायचं. या किमतीत याहून चांगलं काही नाही.

पण तो निळा डाग! प्रथिनाला चिकटलेला रंग क्वार्ट्झच्या क्युव्हेटला (नमुना यंत्रात ठेवायच्या पारदर्शक चौकोनी नळीला) असा धरतो की पाण्याने हलत नाही, आणि पुढच्या प्रत्येक नमुन्याचं रीडिंग थोडं थोडं वर चढतं. विद्यार्थी नमुन्यावर संशय घेतात, पिपेटवर घेतात, क्युव्हेटकडे कोणी बघत नाही. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये काही तास बुडवून ठेवलं की डाग जातो. ५९५ला क्वार्ट्झची गरजच नसते, तरी हात त्याच डबीकडे जातो. आता मी ती डबी कुलपात ठेवली आहे. प्लॅस्टिकचे क्युव्हेट वापरा, आधी ब्लँक (प्रथिनाशिवायचा नमुना), मग पातळकडून घट्टकडे. आणि प्लॅस्टिकला अ‍ॅसिटोन लावू नका, ते पांढरं पडतं.

बीसीए ही प्रथिन मोजायची दुसरी चाचणी म्हणजे उगाच महागडी चैन, असं माझं सुरुवातीचं मत होतं. ते बदललं. एसडीएस हे डिटर्जंट असलेल्या बफरमध्ये पेशी फोडल्या की ब्रॅडफर्डचा ब्लँकच निळसर येतो. तिथे बीसीए शांतपणे काम करतं. मात्र नमुन्यात डीटीटी (तांब्याचं क्षपण करणारं) किंवा ईडीटीए (तांबं बांधून ठेवणारं) असेल तर तेही बिघडतं, कारण त्याचा सगळा खेळ तांब्यावर आहे. म्हणून आता डिटर्जंटच्या नमुन्यांपुरता एक छोटा किट मागवतो.

स्टँडर्डबद्दल, म्हणजे ज्या माहीत प्रमाणाच्या प्रथिनाशी तुलना करतात त्याबद्दल, मात्र मी अजून भांडतो. सगळे डोळे मिटून बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घेतात. ब्रॅडफर्डचा रंग मुख्यतः आर्जिनिन या अमिनो आम्लाला धरतो आणि बीएसए त्याला भरघोस प्रतिसाद देतं, त्यामुळे अँटिबॉडी मोजली की आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. अँटिबॉडीला आयजीजीचाच (हीही अँटिबॉडीच) कर्व्ह, म्हणजे प्रमाण आणि रंगाचा आलेख, काढा. कर्व्ह वाकतो ही तक्रार असेल तर ५९५ आणि ४५०चं गुणोत्तर घ्या, रेषा सरळ येते. प्लेट रीडरवर ही एका जादा रीडिंगची मेहनत आहे.

अनपेक्षित आनंद प्रथिन शुद्ध करायच्या निकेल कॉलमने दिला. प्रथिन कॉलमवरून उतरवणारं इमिडॅझोल स्वतःच २८०ला प्रकाश शोषतं, त्यामुळे ते चढत गेलं की फ्रॅक्शनचे (उतरलेल्या भागांचे) आकडे फुगायचे. ब्रॅडफर्डमध्ये प्रथिन कुठे उतरलं ते नळीच्या रंगावरूनच दिसतं.

यंत्र दुरुस्त झालंच तर शुद्ध प्रथिनासाठी ते वापरेन, एक-दोन मायक्रोलिटरमध्ये भागतं म्हणून. लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) त्यावर ठेवणार नाही. त्यातलं डीएनए-आरएनएही २८०ला मोजलं जातं.