लीड, लिस्टिंग आणि व्हेंडर फी: माझे १,१३,१०० रुपये कसे गेले

आधीच सांगतो, मला लॉटरी लागल्याचा मेसेज आला नव्हता आणि मी कुणाला ओटीपीही दिलेला नाही. पैसे गेले ते मार्केटिंगच्या नावाखाली, रीतसर बिल घेऊन, चालू खात्यातून. म्हणूनच लिहितोय. धंद्यातली माणसं असलं काही झालं की गिळून गप्प बसतात, बाजारात नाव जाईल म्हणून. या गप्प बसण्यावरच ही मंडळी पोट भरतात.

आमचं पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचं छोटं युनिट आहे. ऑर्डरी ओळखीतून येतात, एक मोठी पार्टी सुटली की महिना कोरडा जातो. ही दुखरी नस पकडून फोन करणारे तुम्हालाही रोज छळत असतील, त्यामुळे ती टेप पुन्हा वाजवत नाही. 'गुगलवरचं तुमचं लिस्टिंग व्हेरिफाय नाही, बंद पडेल' इथून सुरुवात आणि 'पहिल्या पानावर आणतो' इथे शेवट. (गुगलवर धंद्याची प्रोफाइल काढणं, व्हेरिफाय करणं फुकट आहे. त्याचे पैसे मागितले की फोन ठेवा.) मला मात्र दुसरंच पटलं. मला एका मार्केटिंग एजन्सीकडून फोन करणारा पोरगा जाहिरातीबद्दल कमी आणि संबंधांबद्दल जास्त बोलायचा. 'साहेब, जाहिरात कोणीही करेल. आम्ही तुमची पर्चेस मॅनेजरशी गाठ घालून देतो.' इतकी वर्षं धंदा करणाऱ्या कोणाला हे चुकीचं वाटेल? धंदा चालतो तो संबंधांवरच.

पॅकेज २०,००० चं, वर जीएसटी ३,६००, झाले २३,६००. मग 'ॲड वॉलेट' म्हणून ४०,०००. ते जायचे होते गुगलला, भरून घेतले स्वतःच्या खात्यात. जाहिरातीचं खातं आपल्या ईमेलवर आणि आपल्या कार्डवर उघडायचं, एजन्सीला ते फक्त चालवायचा ॲक्सेस द्यायचा, म्हणजे क्लिक आणि खर्च आपल्यालाच दिसतात. हे कुणी आधी सांगितलं नाही. मला दर सोमवारी रंगीत पीडीएफ यायची, सगळे आलेख वर चढलेले. नंतर गुगलच्या ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटरवर शोधलं, आमच्या नावाची एकही जाहिरात सापडली नाही.

आणि लीड, म्हणजे माल घेऊ पाहणाऱ्यांच्या चौकशा? लीड आल्या ना! हे आठवलं की आजही अंगाची लाही होते. फोन यायचे, माणसं गोड बोलायची, 'खोक्यांचं कोटेशन व्हॉट्सॲप करा' म्हणायची. मी विचारायचो, पुठ्ठा थ्री प्लाय (तीन थरांचा) की फाइव्ह प्लाय? 'जे चांगलं असेल ते.' जीएसएम, म्हणजे कागदाचं वजन, किती? 'तुम्हीच बघा.' आत माल किती किलोचा, एकावर एक किती खोके रचणार, छपाई एका रंगात की दोन? 'ते सगळं कोटेशनमध्येच टाका ना.' कोटेशन पाठवलं की लगेच अंगठा. एकानेही 'जरा कमी करा' म्हणू नये? खरा खोके घेणारा पन्नास पैशांसाठी अर्धा तास हुज्जत घालतो, सँपलचा फ्लॅप दुमडून बघतो, ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून असताना ९० दिवसांची उधारी मागतो, वर मागच्या लॉटमध्ये दमट निघालेल्या खोक्याचा फोटो तोंडावर मारतो. इथे कुणी उधारीचं नावही काढलं नाही. आमचा सुपरवायझर तेव्हाच म्हणाला होता, 'शेठ, यातलं एकही गिऱ्हाईक वाटत नाही.' मी म्हटलं, मोठ्या कंपन्यांची पद्धत वेगळी असते. गिऱ्हाईक बनून बोलायला पगारी माणसं बसवतात हे कुणाच्या डोक्यात येणार!

यातल्याच एका 'मोठ्या कंपनी'कडून व्हेंडर नोंदणीचा मेल आला. पॅन, जीएसटी, कॅन्सल चेक, उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र. खऱ्या कंपन्याही हेच मागतात, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. तळाशी ४९,५०० रुपये, 'परत मिळणारी सुरक्षा ठेव'. मेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावाला एक जादा शब्द चिकटवलेला होता, फरक तेवढाच. खरेदी करणाऱ्याला तुमचा माल हवा असतो, तुमचे पैसे कशाला हवेत? केंद्र सरकारच्या खरेदीतसुद्धा उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकांना निविदेची अनामत माफ असते. असा मेल आला तर त्यातल्या नंबरावर फोन करू नका. कंपनीच्या वेबसाइटवरून मुख्य नंबर काढा आणि पर्चेसला विचारा.

बिंग फुटलं ते सीएकडे. भरलेल्या ३,६०० जीएसटीचं क्रेडिट (आपल्या करातून वजा होणारी रक्कम) जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या तक्त्यात, दिसेना म्हणून त्यांनी बिल मागवलं. जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे दुसऱ्याच राज्याचे, आणि बिलात सीजीएसटी १,८००, एसजीएसटी १,८००! हे दोन कर राज्यातल्या राज्यात विकलं तर लागतात; परराज्यातलं बिल असतं तर आयजीएसटी लागला असता. पोर्टलवर नंबर टाकला तर भलत्याच नावाचा, तोही रद्द झालेला. हे बघायला लॉगिनसुद्धा लागत नाही. पैसे सोडण्याआधी नंबर टाका, नाव आणि स्टेटस बघा.

तोवर गुगल प्रोफाइलही त्यांच्या ताब्यात गेलेली. 'काम करायला ओनर ॲक्सेस लागतो' असं सांगून घेतला आणि आमच्या जागी स्वतःचा नंबर टाकला. जुन्या पार्ट्यांचे फोन त्यांना जात होते. एजन्सीला मॅनेजर करा, ओनर कधीही नाही.

आता ज्यांनी मदत करायची त्यांचं. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावला, तक्रार क्रमांक मिळाला, पण पैसे केव्हाच पुढच्या खात्यांत पळाले होते. लगेच कळवलं तर मधे अडवता येतात, तेव्हा शंका आली की आधी १९३०, घरच्यांशी चर्चा नंतर. बँकेत म्हणाले, 'ट्रान्सफर तुम्हीच केलीत, आम्ही काय करणार?' बरं, मग ज्या खात्यात पैसे गेले त्याची केवायसी कुणी केली? पोलीस ठाण्यात बिल बघून म्हणाले, 'व्यवहार झालाय, सेवा दिली नाही म्हणजे सिव्हिल मॅटर. कोर्टात जा.' सायबरवाल्यांनी ठाण्यात पाठवलं, ठाण्याने सायबरकडे. वर एक साहेब हसून विचारतात, 'शिकलेली माणसं फसता कशी हो?' रद्द झालेल्या नंबरावर कर उकळणं सिव्हिल मॅटर? दुसऱ्या कंपनीचं सोंग घेऊन ठेव घेणं सिव्हिल मॅटर? मग भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ कशाला ठेवलंय, शोभेला? त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर नोंदवायची; ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, तिथेही हाललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. हे मला वकिलाला फी मोजून कळलं. ठाण्याच्या भिंतीवर लिहायला रंग महाग झालाय का? अधीक्षकांकडचा माझा अर्ज 'चौकशीवर' आहे. कसली चौकशी, कोण करतंय, विचारलं की 'साहेब बंदोबस्ताला गेलेत'.

भाव न करणाऱ्या लीड, मग व्हेंडर ठेव, आणि बिलावर परराज्यातला नंबर: हा साचा ओळखीचा वाटत असेल तर लाज बाजूला ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्वतःच्या नावाने तक्रार टाका. पैसे गेलेल्या खात्याचा नंबर, आयएफएससी आणि यूटीआर (ट्रान्सफरचा क्रमांक) त्यात लिहाच. एकाच खात्यावर पाचसहा तक्रारी निघाल्या की 'सिव्हिल मॅटर' म्हणायला त्यांचीही जीभ अडखळेल.