तांबडी माती, काळी भुकटी : अलॉय चाकांवर नऊ महिने आयर्न रिमूव्हर वापरल्यावर

आयर्न रिमूव्हर म्हणजे चाकावर रुतलेली ब्रेकची लोखंडी भुकटी विरघळवणारा फवारा. गेल्या नोव्हेंबरात त्याची पहिली बाटली घेतली, आता ऑगस्ट संपत आलाय. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या झाल्या, दुसरीत तळाला बोटभर उरलंय. मला एक बाटली सातशेला पडली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या जातीच्या बहुतेक बाटल्यांत काम करणारं द्रव्य एकच असतं, थायोग्लायकोलेट. लेबलवर ‘आयर्न रिमूव्हर’ किंवा ‘फॉलआउट रिमूव्हर’ आणि ‘पीएच न्यूट्रल’ (ना आम्ल, ना अल्कली) एवढं वाचून घ्या.

माझी गाडी हॅचबॅक. १६ इंची डायमंड कट अलॉय, म्हणजे दर्शनी भाग लेथवर कापून चकचकीत केलेली आणि वर पारदर्शक लॅकर चढवलेली अल्युमिनियमची चाकं. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. रोज डिचोलीहून मयेवरून चोडण, तिथून फेरीबोटीने रायबंदर आणि पणजी. महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने बेळगावला, सासुरवाडीला. मार्च २०१८ मध्ये बंद पडलेल्या गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींपैकी डिचोलीतली २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यामुळे घरातून बाहेर पडल्यापासूनच चाकाला तांबडा रंग लागतो. त्यात फेरीच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी उतरणीवर पाणी आलेलं असतं. चाक त्यातून जातं, आणि ते पाणी खारं. घाटात उतरताना ब्रेकची काळी भुकटी उडते ती वेगळीच.

आधी जे बिघडलं ते सांगतो, कारण त्यामुळेच मी या सगळ्यात शिरलो. गेल्या पावसाळ्यानंतर एका वॉशिंगवाल्याकडे गाडी दिली होती. चाकं नव्यासारखी करून देतो म्हणाला आणि लेबल नसलेल्या बाटलीतलं काहीतरी फवारलं. लगेच पांढरा फेस आला, नाकाला झोंबणारी वाफ आली, आणि चाकं खरोखर लखलखली. मी खूश होऊन पैसे दिले. तीन आठवड्यांनी चाकाच्या चकचकीत भागावर दुधाळ झाक दिसायला लागली. दगड लागून जिथे लॅकरचा टवका उडाला होता, तिथून पुढे लॅकरच्या आत पांढऱ्या रेषा सरकल्या, लाकडात वाळवी चालावी तशा. म्हापशाच्या अलॉय दुरुस्तीवाल्या मेस्त्रींनी अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाले, “हें आतां वचचें ना.” म्हणजे, हे आता जायचं नाही. लॅकर काढून, चाक लेथवर पुन्हा कापून, नवं लॅकर चढवायचं, एवढाच उपाय. प्रत्येक कापणीत धातू कमी होतो, म्हणून हे एक-दोनदाच करता येतं. बाटलीत आम्लच असणार. त्यांच्याचकडून कळलं की असं आम्ल साध्या लोखंडी चाकाचंही भलं करत नाही, आणि अल्युमिनियमला तर ते खातंच. संडास धुवायचं ॲसिड चाकाला लावणारे माझ्या ओळखीत चार जण आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, लावू नका.

आता आयर्न रिमूव्हर. ब्रेक दाबला की पॅड आणि बिडाची डिस्क दोन्ही झिजतात. ते लोखंडाचे बारीक, तापलेले कण चाकाच्या लॅकरवर चिकटतात आणि दमट हवेत तिथेच गंजतात. मग शॅम्पूने कितीही घासा, पांढऱ्या कापडाला काही लागत नाही, पण बोट फिरवलं तर चाक कानशीसारखं खरखरीत लागतं. हे द्रव्य त्या लोखंडाशी जोडलं जातं आणि ते पाण्यात विरघळवून घेतं. जोडलं जाताना रंग जांभळा होतो.

पहिल्यांदा मारलं तेव्हा मी पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसून पाहत होतो. फवारा पडला तेव्हा पाण्यासारखा. अर्ध्या मिनिटात नटांच्या खाचांतून जांभळे ठिपके उमटले, ठिपक्यांचे ओघळ झाले, आणि स्पोकवरून वांग्याच्या सालीच्या रंगाची धार टायरवर उतरली. मागच्या चाकावर मात्र जेमतेम चार ठिपके. कारण सरळ आहे. ब्रेकचा जास्त भार पुढे, आणि मागचा ड्रम बंद, त्यामुळे भुकटी आतच राहते. तेव्हापासून मी मागच्या चाकांवर तीन महिन्यांतून एकदाच मारतो. बाटली वाचते.

पण पहिल्या दिवशी एक चूक केली होती. उजव्या चाकाला सुकलेला चिखल होता, आणि मी त्याच्यावरच फवारलं. वरचा थर ओला झाला, औषध त्यातच मुरलं, खाली पोचलंच नाही. माती आणि भुकटी, दोन्हींत लोखंडच आहे, पण एक वर बसलेली आणि दुसरी रुतलेली. माती पाण्याने आणि शॅम्पूनेच जायला हवी, तीही घाई न करता. मी आता नळीने भिजवतो, दहा मिनिटं तशीच सोडतो, पुन्हा पाणी मारतो, मग मऊ ब्रशने शॅम्पू. चाक पूर्ण निथळलं की मगच फवारा. तीन ते चार मिनिटं थांबतो, आणि सुकायच्या आत भरपूर पाण्याने धुतो. सावलीत, आणि चाक हाताला गार लागल्यावरच. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारू नका, डिस्क वाकू शकते.

वासाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. केस काढायच्या क्रीममध्येही हेच कूळ असतं, तोच कुजकट वास, दसपट. आमच्या सौ.नी पहिल्या दिवशी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. रबरी मोजे घाला, आणि वारा तोंडावर येत असेल तर जागा बदला. धुतलेलं पाणी मी विहिरीकडे जाऊ देत नाही. गाडी अंगणातून काढून विहिरीपासून लांब, रस्त्याकडच्या कोपऱ्यात लावतो.

घासायला काय, यावर वडिलांशी बरीच चर्चा झाली. त्यांनी वीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला, आणि त्याची चाकं ते नारळाच्या सोडणाच्या काथ्याने घासत. जाड रंगाच्या लोखंडी चाकाला ते चालून गेलं. अलॉयच्या लॅकरवर काथ्याने बारीक ओरखडे येतात, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. मी बाटली धुवायचा लांब मऊ ब्रश आणि जुना मायक्रोफायबर वापरतो. चाकांची बादली आणि फडकी वेगळी. तीच बॉडीला लावली तर भुकटीने रंग खरवडतो.

चाकाची आतली बाजू कुणीच बघत नाही, पण माझ्या मते तीच महत्त्वाची. जुलैत एका कच्च्या रस्त्याने जाऊन आलो, आणि दुसऱ्या दिवशी सत्तरच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागलं. चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का ते बघायला बॅलन्सिंगला गेलो. तिथल्या मेस्त्रींनी चाक काढलं, उलटं केलं, आणि रिमच्या आतून नारळाच्या वाटीएवढा घट्ट चिखलाचा गोळा स्क्रू ड्रायव्हरने उपटून काढला. यंत्रावर लावलं तर वजन जवळजवळ बरोबर. थरथर त्या गोळ्याची होती. त्यामुळे पावसात आठवड्याला एकदा स्पोकमधून नळी घालून आतून पाणी मारतोच. फक्त आत चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या शिशासारख्या पट्ट्यांवर प्रेशर वॉशरची धार जवळून धरू नका, सुटून पडतात.

धुणं झालं की गाडी तशीच उभी करून ठेवू नका. आपल्या हवेत ओल्या डिस्कवर रात्रीत तांबूस गंज धरतो. सकाळी पहिल्या ब्रेकला तो खरवडून निघतो आणि तीच पूड पुन्हा चाकावर बसते. मी देवळापर्यंत एक फेरी मारतो, हलके ब्रेक दाबत. गेल्या गणेश चवथीला गाडी पाच दिवस जागेवर होती, डिस्क पार विटकरी झाली होती.

हे औषध काय करत नाही तेही लिहितो. डांबराचे काळे ठिपके त्याने हलत नाहीत, त्यांना टार रिमूव्हर लागतो. लॅकरखालच्या पांढऱ्या रेषांना काहीही होत नाही. माझ्या दोन चाकांवर त्या अजून आहेत, पण टवक्यांवर लॅकर लावून घेतल्यापासून पुढे सरकल्या नाहीत. टायरचा तपकिरी रंगही त्याने जात नाही, तो बराचसा रबरातूनच वर येणाऱ्या द्रव्याचा असतो.

धुतल्यावर चाकावर स्प्रे सीलंट, म्हणजे संरक्षक थर देणारा फवारा, लावतो. उन्हाळ्यात तो दोन महिने टिकला, भुकटी नुसत्या पाण्याने निघत होती. पावसात तीन आठवडेही नाही. आता दर दीड महिन्याने पुढच्या दोन चाकांना प्रत्येकी साधारण पन्नास मिली आयर्न रिमूव्हर पुरतो, आणि मधल्या आठवड्यांत फक्त पाणी आणि शॅम्पू. पुढची बाटली चवथीनंतर घेईन, अर्ध्या लिटरचीच. पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो, पण हे द्रव्य उघडल्यावर हवेने उतरतं, आणि एका गाडीला एवढं वर्षानुवर्षं पुरून उरेल.