मुंबई विद्यापीठाचं कॉम्प्युटर ऑनर्स: १८ क्रेडिटच्या बदल्यात काय पदरात पडतं?

मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या सी स्कीममध्ये (इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात) कॉम्प्युटरच्या नेहमीच्या अभ्यासक्रमावर १८ क्रेडिट जादा केले की ऑनर्स मिळतं. पाचव्या ते आठव्या सेमपर्यंत दर सेमला ४ क्रेडिटचा एक थिअरी विषय, आणि सातव्यात २ क्रेडिटचं एक लॅब. हिशेब इथेच करून ठेवा: १८ पैकी १६ क्रेडिट फळ्यासमोर जातात. विषयाला हात लागतो तो एकाच सेममध्ये. निवड करताना 'स्कोप' कशाला जास्त आहे यापेक्षा आपल्या मूळ विषयांशी कशाचा सांधा जुळतो हे बघितलं पाहिजे, आणि तिथे सायबर सिक्युरिटी, एआय-एमएल, डेटा सायन्स, ब्लॉकचेन आणि आयओटी या पाचही पर्यायांचे गुण सारखे नाहीत.

सायबर सिक्युरिटी आमच्या मते सगळ्यात नीट बेतलेला पर्याय. पाचव्याला एथिकल हॅकिंग, सहाव्याला डिजिटल फॉरेन्सिक, सातव्याला सिक्युरिटी इन्फॉर्मेशन मॅनेजमेंट आणि सोबत पेनिट्रेशन टेस्टिंगचं (परवानगीने हल्ला करून कच्चे दुवे शोधण्याचं) लॅब, आठव्याला अॅप्लिकेशन सिक्युरिटी. सहाव्या सेमचा मूळ विषय क्रिप्टोग्राफी, तोही इथे कामी येतो. अडचण सुरुवातीला येते: कॉम्प्युटर नेटवर्क हा मूळ विषयही पाचव्यातच असतो. तिथे टीसीपीचा हँडशेक (दोन मशिनी जोडणी सुरू करताना करतात ती देवाणघेवाण) शिकवायच्या आत इथे पोर्ट स्कॅन (मशीनचे कोणते पोर्ट उघडे आहेत ते तपासणं) सुरू होतो, मग मुलं कमांड पाठ करतात. सुट्टीतच ट्रान्सपोर्ट लेयर, म्हणजे टीसीपी ज्यात येतो तो नेटवर्कचा थर, वाचून काढा.

लॅबसाठी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत आभासी मशिनी चालवणारं सॉफ्टवेअर) काली या हल्ल्याच्या लिनक्सला २ जीबी आणि मेटास्प्लॉइटेबल २ या सरावाच्या लक्ष्याला ५१२ एमबी द्या. दोन्ही मशिनी होस्ट-ओन्ली नेटवर्कवरच, म्हणजे लॅपटॉपच्या आतच, ठेवा. ब्रिज्ड (बाहेरच्या नेटवर्कला थेट जोडलेलं) ठेवलंत तर मुद्दाम भोकं ठेवलेलं ते मशीन अख्ख्या कॉलेजच्या वाय-फायवर उघडं पडतं. एनमॅप हा पोर्ट स्कॅनर सुडोशिवाय (अॅडमिनच्या अधिकाराशिवाय) चालवला तर तो सिन स्कॅनऐवजी (अर्ध्या हँडशेकऐवजी) गुपचूप कनेक्ट स्कॅन (पूर्ण हँडशेक) करतो. जर्नलमध्ये लिहिलेलं एक आणि नेटवर्कवरची पॅकेट दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये दिसणारं दुसरं, आणि व्हायवाला नेमकं तेच विचारतात.

एआय-एमएल (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग) ला गर्दी सगळ्यात जास्त, आणि क्रमाचा घोळही इथेच. कॉम्प्युटरच्या मुलांना सहाव्याला एआय आणि सातव्याला मशीन लर्निंग मूळ अभ्यासक्रमातच आहे. ऑनर्सचा पाचव्याचा विषय गणिताचा, तो खरोखर उपयोगी. एसव्हीडी (मॅट्रिक्सचे घटक पाडायची रीत) आणि ऑप्टिमायझेशन तिथे मन लावून केलं तर पुढचं दीड वर्ष सोपं जातं. सहाव्याला मात्र गेम थिअरी येते आणि सातव्याला थेट आरोग्यक्षेत्रातलं एआय-एमएल. मशीन लर्निंगचा मूळ विषय शिकवून होण्याआधीच इथे रुग्णांच्या डेटावर क्लासिफायर (नमुन्यांची गटवारी करणारं मॉडेल) लावायचा असतो. त्यातून ठरलेली चूक होते: १०० पैकी ९५ नमुने निरोगी असताना ९५ टक्के अचूकता आली म्हणून आनंद. सगळ्यांना निरोगी म्हणणारं मॉडेलही तेवढेच गुण मिळवतं. अहवालात रिकॉल, म्हणजे खऱ्या आजारी नमुन्यांपैकी किती पकडले ते, द्या. एकाच रुग्णाचे दोन एक्स-रे ट्रेन (शिकवायचा डेटा) आणि टेस्ट (तपासायचा डेटा) दोन्हीकडे गेले नाहीत ना, हेही तपासा. गूगलच्या फुकट कोलॅबवर सेशन मध्येच तुटतं, म्हणून दर इपॉकनंतर (डेटावरच्या एका पूर्ण फेरीनंतर) मॉडेलची वजनं ड्राइव्हवर टाका.

डेटा सायन्स म्हणजे याचंच सख्खं भावंड. आठव्याचा टेक्स्ट आणि सोशल मीडिया अॅनालिटिक्स तर दोन्हीकडे एकच, सातव्यातही पुन्हा आरोग्यच. फरक सहाव्याच्या स्टॅटिस्टिकल लर्निंगचा, आणि तो आमच्या दृष्टीने डेटा सायन्सच्या बाजूने जातो. गेट (एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा) देणाऱ्यांनी तर हेच घ्यावं: २०२४पासून असलेल्या डीए (डेटा सायन्स आणि एआय) पेपरात प्रोबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्सला स्वतंत्र जागा आहे. कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क त्या पेपरात नाहीत, तरी त्यांच्याकडे पाठ फिरवू नका. प्लेसमेंटच्या मुलाखतीत प्रश्न तिथूनच येतात.

ब्लॉकचेन घ्यायचं तर डोळे उघडे ठेवून. बिटकॉइनपासून डीफायपर्यंत (ब्लॉकचेनवरच्या आर्थिक सेवांपर्यंत) विषयांची साखळी कागदावर सलग आहे, पण साधनं अभ्यासक्रमापेक्षा लवकर म्हातारी होतात. जुन्या मॅन्युअलमधली रॉप्स्टेन आणि गोएर्ली ही टेस्टनेट (इथेरियमची सरावाची नेटवर्कं) बंद झाली, ट्रफल आणि गनाश ही कोड बनवायची-तपासायची साधनंही २०२३मध्ये गुंडाळायचं जाहीर झालं. सीनिअरची फाइल उतरवून काढली की पहिल्याच डिप्लॉयला (कोड नेटवर्कवर चढवताना) एरर येतो. ट्रफलऐवजी हार्डहॅट आणि जुन्या टेस्टनेटऐवजी सेपोलिया वापरा, आणि सॉलिडिटी या भाषेच्या कंपायलरची आवृत्ती प्रॅग्मामध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या ओळीत) पक्की करा.

आयओटी (इंटरनेटला जोडलेल्या वस्तू आणि सेन्सर) कॉम्प्युटरवाल्यांना जड जातं, कारण खोट कोडमध्ये नसून वायरीत असते. ईएसपी३२ या वाय-फायवाल्या बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा इको पिन ५ व्होल्ट देतो, तो थेट जोडला तर बोर्ड जाऊ शकतो. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज उतरवणारी रेझिस्टरची जोडी) घाला. वाय-फाय चालू असताना एडीसी२ या दुसऱ्या अॅनालॉग-डिजिटल कन्व्हर्टरच्या पिनांवर अॅनालॉग रीडिंग मिळत नाही, म्हणून अॅनालॉग सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनांवर घ्या. हा बोर्ड ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडत नाही, हे बहुधा डेमोच्या दिवशी कळतं.

फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी कॉलेजात विचारा. पाचांपैकी कोणता पर्याय खरंच चालवला जातो, आणि ऑनर्सचं लेक्चर टाइमटेबलात कुठे बसवलंय. शनिवारी किंवा संध्याकाळी पाचनंतर असेल आणि तुम्ही कर्जत-कसाऱ्याहून येत असाल, तर हजेरीचं गणित आधी करा, क्रेडिटचं नंतर.