घाणा फिरतो समोर, तेल येतं मागच्या डब्यातून

कच्च्या शेंगदाण्याचं बटर घरी करायचं होतं, त्यासाठी ‘लाकडी घाण्याचं’ म्हणून विकलं जाणारं शेंगदाणा तेल आणलं. पाच लिटर, बाटल्यांवर सुबक लेबल, दुकानात घाणा फिरताना डोळ्यांनी पाहिलेला. बटर फ्रीजमध्ये ठेवल्यावर आठवड्याभरात त्याच्या वरच्या थरात रव्यासारखे पांढरे कण दिसायला लागले. शिल्लक बाटली फ्रीजमध्ये ठेवली, तर तळाशी तसाच रवाळ साका आणि वर पातळ, स्वच्छ तेल. पामोलीन थंडीत असं बसतं. शेंगदाणा तेल असं फुटत नाही, ते सगळंच्या सगळं गढूळ आणि दाट होतं आणि बाहेर ठेवलं की पुन्हा निवळतं.

ही फसवणूक चालते ती समोरच्या घाण्यामुळेच. गिऱ्हाईक घाणा बघतं, ताज्या पेंडीचा वास घेतं आणि शेल्फवरची बाटली उचलतं. त्या बाटलीतलं तेल त्या घाण्यातलं आहे, असं मात्र कुणीच म्हटलेलं नसतं. थोडं घाण्याचं तेल, बाकी रिफाइंड, रंग-वास जुळवायला इसेन्सचे थेंब, की काम झालं. भाजी-फोडणीत हे खपून जातं, कारण तेल तापतं आणि मसाला वर असतो. कच्च्या बटरमध्ये लपायला जागा नाही. तिथे तेल जसंच्या तसं जिभेवर येतं.

खरं तर बाटली हातात घेण्याआधी नुसता हिशेब केला असता तरी कळलं असतं. लाकडी घाण्यावर 10 किलो दाण्यांचं साधारण 4 किलो तेल निघतं. एक लिटर तेल म्हणजे 910 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे लिटरला सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागले. दाणे 130 रुपये किलो धरले, तर नुसत्या दाण्यांचेच तीनशेच्या आसपास झाले. पेंडीचे पन्नासेक रुपये वजा करा, मजुरी, वीज, बाटली मिळवा. असं असताना कुणी ते तेल दोनशे रुपयांना देत असेल, तर तो आपल्याला स्वस्त देत नाही, दुसरंच काही देतोय. तुमच्या बाजारात दाण्यांचा आज जो भाव असेल तो घालून हाच गुणाकार करा. बदाम तेलाला तर हा हिशेब आणखी निष्ठुर आहे. बदामात निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि घाण्यावर तेही सगळं निघत नाही, त्यामुळे लिटरला दोन-अडीच किलो बदाम जातात. शंभर मिली शंभर रुपयांत मिळतं ते बहुधा केसांचं तेल. त्यात लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, असू शकतं. लेबलवर ‘बाह्य वापरासाठी’ अगदी बारीक अक्षरात असतं, ते शोधा. हे पोटात घ्यायचं नाही.

फ्रीजची परीक्षा उपयोगी आहे, पण तीही अर्धीच. पारदर्शक बाटलीत 100 मिली तेल चोवीस तास फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. शेंगदाणा तेल म्हणून घेतलेलं तेल जसंच्या तसं स्वच्छ राहिलं, तर ते बहुतेक सूर्यफूल किंवा सोयाबीन. तिळाचं तेल फ्रीजमध्ये पातळच राहतं, त्यात पांढरा साका बसला तर शंका घ्या. सरकीचं तेल मात्र शेंगदाण्यासारखंच गढूळ होऊ शकतं, तेव्हा गढूळ झालं म्हणजे शुद्ध, असं धरू नका. पक्कं उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं.

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे आपले दाणे घेऊन घाण्यावर जाणं. तिथेही डोळे उघडे ठेवा. दाणे टाकण्याआधी तेल पडायचं भांडं रिकामं आणि कोरडं आहे का, ते वाकून बघा. शेवटी तेल आणि पेंड दोन्ही वजन करून घ्या. दोन्हींची बेरीज दाण्यांच्या वजनापेक्षा थोडी कमीच यायला हवी. ती जास्त आली, किंवा पेंड मुठीत दाबल्यावर तेलकट लागते आणि तरी तेल भरपूर निघालं, तर वरून काहीतरी मिसळल्याची शंका घ्या. त्याच घाण्यावर आधी मोहरी निघाली असेल, तर लगेचचा पहिला घाणा घेऊ नका, त्यात तिचा अंश येतो. घरात कुणाला एखाद्या बियांची ॲलर्जी असेल, तर एवढ्यावर विसंबू नका. घरी आणलेलं तेल तीन-चार दिवस स्थिर ठेवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं सुती कापडातून गाळा. गाळ राहिला की तेल लवकर खवट होतं.

आणि बटरला तेल लागतं तरी किती? 250 ग्रॅम कच्च्या दाण्यांना दोन-तीन चमचे, फार तर. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे आधी वेचून टाका. मिक्सर तीस सेकंद फिरवा, थांबा, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि बटर कच्चं राहत नाही. दाणे लगदा व्हायला लागले की मगच अर्धा-अर्धा चमचा तेल सोडा. दाण्याला दाण्याचं, तिळाला तिळाचं. काजूला बरेचदा लागतच नाही. जवसाचं तेल फार लवकर बिघडतं, ते घालायचं तर आठवड्याभराचंच बटर करा. पाण्याचा एक थेंबही नको, सगळं घट्ट गोळा होऊन बसतं.

तयार बाटली घ्यावीच लागली, तर लेबलवर चौदा आकडी अन्न परवाना (FSSAI) क्रमांक, तेलाचं नाव आणि घटक वाचा. तेलांचं मिश्रण असेल तर तसं लिहिणं बंधनकारक आहे, आणि मिश्र तेल सुटं विकता येत नाही. बिल घ्याच. शंका आली तर न फोडलेली एक बाटली आणि ते बिल जपून ठेवा. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 40 प्रमाणे साधा ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, मात्र तपासून घ्यायचं आहे हे खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. फोडलेल्या, अर्ध्या संपलेल्या बाटलीवर दुकानदार सरळ हात वर करतो.