कव्हर २०२३चं, आतलं पुस्तक कधीचं? वेब डिझाईन शिकणाऱ्यांनी हे वाचाच

वेब डिझाईन शिकण्यासाठी प्लास्टिकमध्ये बंद केलेला पुस्तकांचा संच कुणी विकत असेल, तर पैसे देण्याआधी तो उघडून दाखवायला सांगा. दुकानदार नाही म्हणाला तर तिथून निघा. इंदूरमध्ये मला असा संच २,१०० रुपयांना विकला गेला. पैशांचं दुःख आहेच, पण त्या पुस्तकांवरून मन लावून जे शिकले ते जवळजवळ सगळं बाजूला ठेवावं लागलं, याचा संताप जास्त आहे. माझ्यासारख्या कितीतरी बायका आणि मुलं-मुली घरून काम मिळेल या आशेने हे शिकायला निघतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी डीटीपी करते, म्हणजे छापायचा मजकूर कॉम्प्युटरवर मांडते. राजवाड्याजवळच्या एका प्रेसमध्ये पेजमेकर आणि कोरलवर लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, दुकानांची पत्रकं लावण्यात बरीच वर्षं गेली. आता पत्रिका मोबाईलवरच जातात, प्रेसचं काम ओसरलं. गिऱ्हाइकं विचारू लागली, "ताई, वेबसाइट करून देता का?" म्हणून भंवरकुआंजवळच्या एका क्लासला नाव घातलं. फी वेगळी, पुस्तकं वेगळी. सरांनी चिठ्ठीवर तीन पुस्तकांची नावं लिहिली आणि खाली दुकानाचं नावही लिहून दिलं. "वहीं मिलेंगी, और कहीं मत ढूँढिए," असं बजावलं. एका ठरावीक दुकानाचा एवढा आग्रह का, हे तेव्हा मला खटकलं नाही.

दुकानात तिन्ही पुस्तकं एकत्र, घट्ट पॅक केलेली. वरच्या पुस्तकाचं कव्हर चकचकीत, त्यावर ठळक अक्षरांत 'एचटीएमएल ५' आणि कोपऱ्यात 'नवीन संस्करण २०२३'. एचटीएमएल म्हणजे वेबपान लिहिण्याची भाषा आणि ५ ही तिची आवृत्ती. आतलं एक पान बघू द्या म्हटलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सील टूटी तो वापसी नहीं, मैडम. पहले पेमेंट." क्लासमध्ये हाच संच लागणार होता. यूपीआयने पैसे दिले. पक्कं बिल मागितलं तर चिटोऱ्यावर नुसती रक्कम लिहून दिली. ना शिक्का, ना पुस्तकांची नावं.

यापुढचा भाग नीट समजून घ्या, कारण ही फसवणूक लवकर लक्षात का येत नाही ते यातच आहे. पुस्तकाप्रमाणे मी फॉन्ट टॅगने (टॅग म्हणजे एचटीएमएलमधली खूण) अक्षरांना रंग दिला, सेंटर टॅगने मजकूर मध्ये आणला, पानाची मांडणी टेबलमध्ये बसवली, रुंदी ७८० पिक्सेल ठेवली. ब्राउझरमध्ये सगळं जसंच्या तसं दिसलं. कुठे लाल रेघ नाही, कुठे चूक दाखवली नाही. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, तेव्हा आपल्याला लगेच कळतं. एचटीएमएलचं तसं नाही. जगात जुनी पानं अजून पडून आहेत, ती मोडू नयेत म्हणून ब्राउझरांनी बाद झालेले टॅगही दाखवायचे, असं एचटीएमएलच्या प्रमाण नियमांतच ठरलेलं आहे. लिहिणाऱ्याने ते वापरू नयेत, ब्राउझरने मात्र सांभाळून घ्यावेत. जुनं पुस्तक नवं म्हणून विकणाऱ्याला याहून मोठं संरक्षण कोणतं? शिकणाऱ्याला वाटत राहतं, आपलं सगळं बरोबर येतंय.

सुदामानगरात माझ्या ओळखीच्या एक काकू दिवाळीचा फराळ करून विकतात. त्यांच्यासाठी पहिलं पान तयार केलं. कॉम्प्युटरवर छान दिसलं. काकूंनी मोबाईलवर उघडलं आणि चिवड्याचा भाव वाचायला त्यांना दोन बोटांनी पान ताणावं लागलं. अक्षरं मुंग्यांएवढी. त्यांची गिऱ्हाइकं तर सगळी मोबाईलवरच. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाचीला कोड दाखवला. तिने दोन-चार ओळी वाचल्या आणि विचारलं, "मावशी, हा फॉन्ट टॅग तुला कुणी शिकवला? माझ्या जन्माआधीच बाद झालाय तो."

खरंच झाला होता. डिसेंबर १९९७मध्ये एचटीएमएल ४ आलं, तेव्हाच फॉन्ट आणि सेंटर हे टॅग टाळावेत असं जाहीर झालं. रंग, आकार, मांडणी या गोष्टी सीएसएस या रूप ठरवणाऱ्या वेगळ्या भाषेत लिहायच्या, आणि सीएसएसची पहिली आवृत्ती तर १९९६चीच. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये एचटीएमएल ५ अधिकृत प्रमाण झालं आणि हे टॅग पूर्णच बाद ठरले. मोबाईलवर अक्षरं बारीक का झाली, तेही भाचीने दाखवलं. पानाच्या डोक्यात व्ह्यूपोर्टची एक ओळ लागते. ती नसेल तर मोबाईल समजतो की हे मोठ्या पडद्याचं पान आहे, ते साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून दाखवतो. 'एचटीएमएल ५' असं कव्हरवर मिरवणाऱ्या त्या पुस्तकात ही ओळ कुठेच नव्हती.

मग तिने डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये माझा कोड टाकला. हे साधन फुकट आहे. ब्राउझर जे पोटात घालतो ते हा व्हॅलिडेटर ओळीच्या क्रमांकासकट सांगतो. पडद्यावर चुकांची रांग लागली. त्यातल्या बहुतेक ओळी मी पुस्तकातून अक्षर न अक्षर उतरवलेल्या होत्या.

त्या रात्री मी पुस्तक प्रेसवालीच्या नजरेने तपासलं. कणा वाकवून पाहिला तर गोंदाचे दोन थर दिसले. आत जुना, पिवळा पडून तडकलेला, आणि त्यावर नवा पांढरा. म्हणजे मूळ कव्हर ओरबाडून काढलं आणि नवं चढवलं. नवं कव्हर चढवलं की कडा पुन्हा कापाव्या लागतात. म्हणूनच पानांचे आकडे थेट काठाला भिडले होते, काहींचा खालचा भाग कापलाही गेला होता. प्रकाशनाचं वर्ष छापलेलं पान बाकीच्या पानांपेक्षा पांढरं, जाड, आणि आतल्या कडेला गोंदाच्या बारीक रेघेने चिकटवलेलं. मूळ पान काढून हे बसवलं होतं. शेवटची काही पानं एचटीएमएल ५वर होती खरी, पण त्यांचा टाइप वेगळा आणि छपाई झेरॉक्सची. आतल्या चित्रांत विंडोज एक्सपीचं हिरवं स्टार्ट बटण आणि इंटरनेट एक्सप्लोररची खिडकी. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने जून २०२२मध्ये निवृत्त केला. त्यानंतरच्या वर्षाचं 'नवीन संस्करण' त्याच्याच चित्रांवर शिकवत होतं.

मागच्या कव्हरवरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांकही तपासला. २००७पासून हा क्रमांक तेरा आकडी असतो आणि तो खरा-खोटा पाहायला कागद-पेन पुरतं. पहिला आकडा तसाच, दुसऱ्याला तीनने गुणायचं, तिसरा तसाच, चौथ्याला तीनने, असं शेवटपर्यंत. बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. माझ्या पुस्तकाचा गेला नाही. कुणीतरी मनाने आकडे टाकून बारकोडसारख्या रेघा छापल्या होत्या. भाग गेला म्हणजे पुस्तक अस्सल असं मात्र धरू नका, कारण खरा क्रमांकही उचलता येतो.

उरलेल्या दोन पुस्तकांबद्दल थोडक्यात. एक फ्रंटपेज या वेबपानं करायच्या सॉफ्टवेअरचं होतं. ते सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टने २००६मध्येच बंद केलं. दुसरं फ्लॅशचं, म्हणजे वेबवर हलती चित्रं दाखवायच्या तंत्राचं. त्याला ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२०ला पूर्णविराम दिला आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेअरमध्ये ते चालणंच थांबवलं. फ्लॅशचं पुस्तक तर सरळसरळ चोरटी प्रत होती. चित्रांवर जाळी उमटलेली, बांधणीच्या बाजूची अक्षरं गिळलेली.

दुकानात परत गेले तर मालकाने कणा बघितलाही नाही. "क्लास वालों ने लिखा, हमने दिया." क्लासमध्ये सर म्हणाले, बेसिक कधी जुनं होत नाही. हे अर्धसत्य फार धोक्याचं आहे. मथळ्याचे टॅग, परिच्छेद, लिंक, याद्या, फॉर्म ही पायाभरणी खरोखरच फारशी बदललेली नाही. २०१४-१५चं प्रामाणिक पुस्तक आजही त्यासाठी चालेल आणि जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर ते स्वस्तातही मिळेल. पण फॉन्ट टॅग, फ्रेमसेट (खिडकीचे भाग पाडून प्रत्येकात वेगळं पान दाखवणं) आणि टेबलची मांडणी हा पाया नाहीच. ती मोडायला सांगितलेली भिंत आहे.

नंतर खजुरी बाजारातल्या एका जुन्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी स्टूल पुढे केलं आणि कपाटातली पुस्तकं समोर ठेवून म्हणाले, "आराम से देख लीजिए." मग भाची आणि मी एकेक उघडून पाहत गेलो. ती आधी पहिल्या उदाहरणाची पहिली ओळ बघायची. आजच्या पानाची सुरुवात 'डॉक्टाइप एचटीएमएल' एवढ्या दोन शब्दांनी होते. तिथे 'ट्रान्झिशनल' असा शब्द आणि लांबलचक पत्ता दिसला, तर पुस्तक एचटीएमएल ४ किंवा त्यानंतरच्या एक्सएचटीएमएल या रूपाच्या काळातलं. मग मागची सूची. फ्लेक्सबॉक्स, ग्रिड, मीडिया क्वेरी, व्ह्यूपोर्ट हे आजच्या मांडणीचे आणि पडद्याच्या मापाप्रमाणे पान बसवण्याचे शब्द तिथे हवेत आणि त्यांना एखाद्या ओळीपेक्षा जास्त जागा हवी. ग्रिड मोठ्या ब्राउझरांत २०१७च्या मार्चपासून येऊ लागलं, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकात ते शिकवलेलं नसणार. तेवढ्यासाठी जुनं चांगलं पुस्तक नाकारायचं कारण नाही, ग्रिड दुसरीकडून शिकता येतं. चित्राला ऑल्ट मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते शब्दांत, द्यायला आणि फॉर्मच्या रकान्याला लेबल लावायला लेखक पहिल्यापासून शिकवतो का, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसंही वेबसाइट ऐकून वापरतात, आणि ज्या लेखकाला त्यांची आठवण आहे तो बाकीचंही जबाबदारीने लिहितो. आम्ही एकच पुस्तक घेतलं, पक्क्या बिलावर. उरलेलं मी मोझिलाच्या एमडीएन या संकेतस्थळावरून शिकते आहे. ते फुकट आहे आणि सतत सुधारलं जातं. इंग्रजी जड वाटतं, पण कोड तोच असतो, हळूहळू जमतं.

आता तक्रारीचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जुना माल नवा म्हणून विकणं, बिल न देणं आणि सदोष माल परत न घेणं या तिन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथांमध्ये मोडतात. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर माल परत घेऊन पैसे द्यायला तीस दिवस धरले आहेत. म्हणून "सील टूटी तो वापसी नहीं" हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. पक्कं बिल नव्हतं, तरी यूपीआयची नोंद होती, सरांची चिठ्ठी होती आणि कण्याचे, चिकटवलेल्या पानाचे फोटो होते. मग दुकानातून फोन आला. फ्रंटपेज आणि फ्लॅशच्या पुस्तकांचे पैसे परत मिळाले. एचटीएमएलच्या पुस्तकाचे द्यायला ते तयार नाहीत, कारण म्हणे मी त्यात पेन्सिलीने खुणा केल्या. शिकायला घेतलेल्या पुस्तकात खुणा होणारच!

त्या पैशांसाठी आता जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. रक्कम लहान आहे, हे मला घरातही ऐकवलं गेलं. पण माझ्या बॅचमध्ये बाणगंगेहून दोन बस बदलून येणारी एक मुलगी आहे. शिकवण्या घेऊन तिने हाच संच विकत घेतला. तिची तक्रारही माझ्यासोबत जाणार आहे. तुमच्याकडे असा संच असेल तर पुस्तक, प्लास्टिक, चिठ्ठी काही फेकू नका. कण्याचा आणि वर्षाच्या पानाचा जवळून फोटो काढा आणि आधी १९१५ला फोन करा.